मुक्कामाचा कॅमेरा प्रवासाला नको

सणासुदीला वाद काढू नयेत, असा आमच्या घरचा दंडक आहे. गेल्या दिवाळीत तो मोडला. पण तो मी मोडला नाही. भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळून झाले होते, ताटात चकल्या आणि अनारसे पडले होते, आणि माझ्या गळ्यात नेहमीप्रमाणे माझा जुना, दोन भिंगांचा कॅमेरा लटकत होता. भावोजींनी त्याच्याकडे एकवार पाहिले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “मास्तर, अजून हा अर्धवटच वापरता का?”

मी चकली खाल्ली आणि गप्प बसलो. भाऊबीजेच्या दिवशी बहिणीच्या नवऱ्याला उलट उत्तर देणे बरे दिसत नाही. परंतु तो ‘अर्धवट’ शब्द वर्षभर माझ्या घशात अडकून बसला आहे. आज तो बाहेर काढतो. भावोजी हा अंक दरवर्षी विकत घेतात, हे मला ठाऊक आहे.

ज्या वाचकांना या प्रकरणाचा गंध नाही, त्यांच्यासाठी भांडणाचा मुद्दा आधी सांगतो. हातातल्या फोनवर फुकट फोटो निघत असताना फिल्मवर फोटो काढणारी काही मंडळी अजून शिल्लक आहेत. घरात गॅस आला तरी चुलीवरची भाकरी मागणारे असतातच; त्यातलीच ही जात. या जातीत तीन पोटजाती आहेत. पहिली छोट्या फिल्मची. ही पस्तीस मिलिमीटरची फिल्म पूर्वी घरोघर असे, आणि तिच्यावरचे चित्र २४ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे साधारण टपालाच्या तिकिटाएवढे. दुसरी मध्यम फिल्मची. ही १२० क्रमांकाची, पाठीला कागद लावलेली गुंडाळी. कोडॅकने ती १९०१ साली काढली आणि आजही ती मिळते. तिच्यावर सहा सेंटिमीटरच्या चौकोनात बारा चित्रे बसतात. तिसरी पोटजात मोठ्या फिल्मची. येथे गुंडाळी नाही. पत्त्याच्या पानांसारखी एकेक सुटी पत्री. तीही चार बाय पाच इंच, किंवा आठ बाय दहा इंच, आणि हौस असेल त्याच्या खिशाप्रमाणे त्याहूनही मोठी.

क्षेत्रफळाचा हिशेब मुलांना घालण्यासारखा आहे. छोट्या फिल्मचे चित्र सुमारे साडेआठ चौरस सेंटिमीटर, मध्यम चौकोनाचे सुमारे एकतीस, आणि चार बाय पाचच्या पत्रीचे सुमारे एकशे पंधरा. म्हणजे माझा ‘अर्धवट’ छोट्याच्या साडेतीन पट आणि भावोजींचा माझ्याही साडेतीन पट. या हिशेबावर भावोजींच्या पंथाची सारी श्रद्धा उभी आहे: जितकी पत्री मोठी तितके चित्र खरे, आणि तितका चित्रकार थोर. माझे म्हणणे असे की हा हिशेब बरोबर असून प्रवासापुरता गैरलागू आहे. प्रवासात फिल्मचे क्षेत्रफळ शेवटी मोजावे. आधी मोजावा तो वेळ. आणि प्रवासातला वेळ एकट्याचा नसतो.

मोठ्या कॅमेऱ्याचे गुण मी नाकारीत नाही. नाकारले तर भावोजींना आयतेच कोलीत मिळेल. त्याला लोहाराच्या भात्यासारखा कापडी किंवा चामडी भाता असतो. पुढे भिंग, मागे दुधी काच, आणि दोन्ही वेगवेगळी सरकवता, कलवता येतात. उंच देवळाचे शिखर टिपायला साधा कॅमेरा वर वळवला की देऊळ मागे पडत असल्यासारखे दिसते. भात्याच्या कॅमेऱ्यात नुसते भिंग वर सरकवावे. भिंती सरळच्या सरळ राहतात. पुढच्या पायरीपासून मागच्या डोंगरापर्यंत सारे एकाच प्रतलात आणून स्वच्छ करता येते. शिवाय प्रत्येक पत्री निराळी धुता येते. एखाद्या लेण्याची किंवा वाड्याची अभ्यासासाठी नोंद ठेवायची असेल, तर याच्यासारखे दुसरे साधन फिल्मच्या राज्यात नाही. एवढे सगळे मान्य. आता माझे ऐका.

मोठ्या कॅमेऱ्याचे भक्त थोरामोठ्यांची नावे सांगतात. ती नावेच त्यांच्याविरुद्ध साक्ष देतात. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज १८६३ साली हिंदुस्थानात आला आणि १८६६ साली हिमालयातल्या साडेअठरा हजार फुटांच्या मणिरंग खिंडीपर्यंत आपली काचेची तावदाने घेऊन चढला. पराक्रम खराच! परंतु त्या काळची काच जागेवरच रसायनांत बुडवून ओली असतानाच वापरावी लागे. म्हणून बोर्नच्या मागून अंधाराचा तंबू, बाटल्या, काचांच्या पेट्या आणि ते सारे पाठीवर घेतलेले हमाल डझनांनी चालत. याला प्रवास म्हणण्यापेक्षा फिरती छावणी म्हणावे. छावणीला वेळेची फिकीर नसते. ती जेथे थांबते तेथे तिचा मुक्काम. पॅरिसचा अत्झे घ्या. अठरा बाय चोवीस सेंटिमीटरच्या काचा घेऊन तो जवळजवळ तीस वर्षे, १९२७ साली मरेपर्यंत, एकाच शहराच्या गल्ल्या टिपत राहिला. सकाळी प्रकाश चुकला तर उद्या पुन्हा यावे. गल्ली कोठे जाते? ज्याला उद्या पुन्हा येता येते त्याला प्रवासी कसे म्हणावे?

“आणि अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स?” भावोजी विचारतील. हे त्यांचे मुख्य दैवत. अ‍ॅडम्स १९१६ साली, पोरवयात, योसेमिटीच्या दरीत प्रथम गेला आणि पुढे जन्मभर जात राहिला. १९२७ साली हाफ डोमच्या कड्याचे जे चित्र त्याने काढले, त्या चढणीत त्याच्याजवळ बारा काचा होत्या, आणि हवे ते चित्र शेवटच्या काचेवर उतरले. दरी त्याच्या अंगणातली होती, म्हणून बारा काचा पुरल्या. आता भावोजी ‘मूनराइज’ पुढे करतील. हे चित्र १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळ रस्त्यावर मोटार थांबवून, आठ बाय दहाच्या कॅमेऱ्याने काढले. मग प्रवासात मोठा कॅमेरा चालतो की नाही? चालतो, सोबत मोटार, सामान उतरवायला बरोबरची माणसे आणि वीस वर्षांचा हातखंडा असेल तर. तरीही काय झाले ते पाहा. प्रकाशमापक सापडेना, म्हणून त्याने चंद्राच्या तेजावरून अंदाज बांधला. एक पत्री झाली. दुसरीसाठी चौकट उलटवतो तोच थडग्यांच्या क्रुसांवरचे ऊन गेले. एवढ्या मोठ्या माणसाला एक चित्र मिळाले! आणि भक्त जी गोष्ट सांगत नाहीत ती मी सांगतो. १९६० साली याच अ‍ॅडम्सने हाफ डोमवर आलेल्या चंद्राचे चित्र काढले, तेही जगप्रसिद्ध झाले, आणि ते काढले हॅसलब्लाडने, सहा बाय सहाच्या चौकोनावर. म्हणजे दैवताने स्वतः अर्धवट हातात धरला. भक्तांनी मात्र सोवळे सोडले नाही.

आता जमिनीवर येऊ. चार बाय पाचच्या कॅमेऱ्याचे नेहमीचे भिंग दीडशे मिलिमीटरचे, माझ्या चौकोनाचे ऐंशीचे. भिंग लांब झाले की जवळचे आणि दूरचे एकदम स्वच्छ दिसणे कठीण होते, म्हणून छिद्र बारीक करावे लागते. मोठ्या कॅमेऱ्यावर ते बत्तीसपर्यंत नेणे रोजचेच. शंभर वेगाची फिल्म आणि झाडाखालची सावली धरा: पडदा एक तृतीयांश सेकंद उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात मूल मान वळवते, म्हातारे माणूस पापणी लववते, पदर वाऱ्यावर उडतो. माझ्या कॅमेऱ्यात छिद्र आठवर ठेवून एक पन्नासांश सेकंदात काम होते. मागचा डोंगर जरा मऊ येतो, ते कबूल. पण माणूस माणसासारखा येतो.

आणि हे झाले नुसते पडदा उघडण्याचे. त्याआधी तिपाई उभी करा, पातळी लावा, भाता ओढा, डोक्यावर काळे कापड घ्या, दुधी काचेवर उलटे पडलेले जग भिंग लावून तपासा, पडदा मिटा, पत्रीची चौकट सरकवा, तिचे झाकण ओढा, मग श्वास रोखा. एका चौकटीत दोन पत्र्या. वीस चित्रे हवीत तर दहा चौकटी पाठीवर. त्या रात्री लॉजमध्ये काळ्या पिशवीत हात घालून चाचपत भरायच्या, आणि प्रत्येकीत धूळ शिरू नये म्हणून देवाचा धावा करायचा. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिपाई लावायची तर आधी परवानगी काढावी लागते. विमानतळावर तर नवेच संकट! नव्या सीटी पद्धतीच्या तपासणीयंत्रातून न धुतलेली फिल्म नेऊ नका, असे फिल्म बनवणारेच सांगतात. गुंडाळी शिपायाला हातात घेऊन पाहता येते. सुट्या पत्र्यांचा डबा मात्र उजेडात उघडला की संपला, आणि तो उघडू नका, हे त्या बिचाऱ्याला कसे पटवायचे? सेबास्तिआओ साल्गादोने २००४ साली ‘जेनेसिस’चे काम हाती घेतले तेव्हा त्याने पेंटॅक्स ६४५ हा मध्यम कॅमेरा निवडला, पृथ्वीच्या टोकांना जायचे होते. पुढे विमानतळांवरच्या तपासण्यांना कंटाळून तोही डिजिटलकडे वळला. गुंडाळ्यांनी त्याची ही दशा केली, तेथे पत्र्यांच्या डब्यांचे काय?

परंतु हे सारे सामानाचे बोलणे झाले. माझा खरा आक्षेप सामानाशी नाही. तो सांगण्यासाठी मला त्याच दिवाळीची हकीकत सांगितली पाहिजे. ती सांगताना माझीही शोभा होईल, पण इलाज नाही.

भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी आम्ही सगळे मेणवलीला गेलो. वाईहून हाकेच्या अंतरावर, नाना फडणविसांचा वाडा आणि कृष्णेवरचा घाट. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी एक तेथे टांगलेली आहे. आमच्या आत्याचे लहानपण वाईला गेले. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. “एकदा मेणवलीचा घाट दाखवा रे” म्हणून तिने दोन वर्षे लकडा लावला होता. वाटभर तिचे तोंड थांबले नाही. पाठीला सुके भोपळे बांधून ती त्याच घाटावर पोहायला शिकली होती. पाण्यालगतची एक पायरी अशी होती की तिच्यावरून पहिली उडी मारायची. तेथे दगडात एक खूण होती, ती तिच्या थोरल्या भावाने, म्हणजे माझ्या वडिलांनी, टोचणीने कोरलेली. ती खूण ती आम्हांला दाखवणार होती.

घाटावर पोचलो तेव्हा सकाळचे ऊन तिरपे पडले होते. भावोजींचा जीव हरखला, आणि हरखण्यासारखेच होते ते. त्यांनी पेटी उघडली. पायऱ्यांचे माप कळावे म्हणून आत्याला मधल्या पायरीवर बसवले. पाण्यात पोरे डुंबत होती. पाणी स्थिर हवे म्हणून त्यांना गोड बोलून बाहेर काढले. वारा भात्याला हलवीत होता, म्हणून मी छत्री धरून उभा राहिलो. होय, मी स्वतः! अर्धवट कॅमेरा गळ्यात आणि छत्री हातात. एक ढग आला, तो जाईपर्यंत थांबलो. मग झाडाची सावली सरकली, म्हणून कॅमेरा दोन हात डावीकडे घेतला आणि सारे पुन्हा पहिल्यापासून. “आत्या, हलू नका हं,” भावोजी काळ्या कापडातून म्हणत. ती हलली नाही. शाळेतल्या शिक्षा झालेल्या मुलीसारखी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पाऊण तासात दोन पत्र्या झाल्या.

आत्या उठली ती गुडघे धरून. पायरीचा दगड गार, वर ऊन चढलेले. खालच्या पायऱ्यांकडे तिने एकवार पाहिले आणि म्हणाली, “चला आता. उन्हं झाली.” आम्ही “पुढच्या वेळी पाहू” म्हणालो. घाट चढताना एका ओल्या पोराने तिला हात दिला आणि त्याला काहीतरी सांगून ती हसली. तेवढे मी छत्री टाकून टिपले.

चित्रे धुऊन आली. भावोजींच्या पत्रीवर भिंग लावले तर घाटाची सांध न् सांध मोजता येते. आत्याही तीत आहे: स्वच्छ, लहान, मैलाच्या दगडासारखी. माझ्या चित्रात तिचा हात हललेला आहे आणि पोराचे डोके वरून कापले गेले आहे. त्या दिवशीच्या माझ्या बारा चित्रांतली नऊ टाकाऊ निघाली, हेही सांगून टाकतो. माझे चित्र जिंकले, असे मला म्हणायचेच नाही. ती खुणेची पायरी दोन्ही चित्रांत नाही, आणि आमच्यापैकी कोणी ती पाहिली नाही. वैशाखात आत्या अंगणात पडली. आता ती घराबाहेर जात नाही. पाऊण तास तिचा होता. तो आम्ही दगडांच्या सांध्यांना देऊन आलो.

यात भावोजींचा दोष नाही. ते मायाळू गृहस्थ आहेत. आत्याला घाटावर हात धरून त्यांनीच उतरवले. दोष त्या पेटीचा आहे. ती उघडली की तिच्याभोवतीच्या सर्वांना तिची चाकरी करावी लागते. पोरांना पाण्याबाहेर यावे लागते, म्हातारीला माप व्हावे लागते, आणि मास्तराला छत्री धरावी लागते. एकट्याने डोंगरावर जाऊन कोणी चार तास काळ्या कापडात डोके घालून बसला, तर मला काय त्याचे! तो त्याचा वेळ. पण प्रवास म्हणजे गाडीची वेळ, कोणाची भूक, कोणाचे गुडघे, आणि जेथे आपण पाहुणे आहोत त्या गावचे दिवसाचे कामकाज. तेथे आपल्या चित्रासाठी इतरांचा वेळ घ्यायचा तर तो चिमटीने घ्यावा.

आता विरुद्ध पक्षाची दोन उत्तरे. पहिले असे की मोठा कॅमेरा माणसाला सावकाश पाहायला शिकवतो. शिकवतो खरा. परंतु बारा चित्रांची गुंडाळीही शिकवते; बाराच आहेत म्हटल्यावर हात आपोआप जड होतो. फरक इतकाच की ते थांबणे माझ्या मनात होते, दुसऱ्याच्या गुडघ्यांत होत नाही. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याचे तर आणखी एक आहे. तो पोटाशी धरून मान खाली घालून त्यात पाहायचे असते. समोरच्यावर काही रोखल्यासारखे दिसत नाही. उलट नमस्कार केल्यासारखे दिसते. व्हिव्हियन मेअर ही शिकागोत मुले सांभाळणारी बाई असाच रोलायफ्लेक्स गळ्यात घालून १९५९ साली एकटी जगभर फिरली. तिच्यापुढे ना हमाल होते ना छत्रीवाला.

दुसरे उत्तर असे की मोठी पत्री हातात धरूनही वापरता येते. होमाई व्यारावालांच्या हाती स्पीड ग्राफिक होताच की! होता. वृत्तपत्राच्या कामात, समारंभात, दिव्याच्या झोतात तो शोभला. आणि त्याच होमाईबाईंच्या हाती रोलायफ्लेक्सही होता, हे सोयीस्करपणे विसरू नये.

मध्यम म्हटले की सगळेच हलके, असेही मी म्हणत नाही. मामिया आरबी ६७ सारखा धटिंगण भिंगासकट अडीच किलोंहून जड भरतो. तो प्रवासाला नेणाऱ्याने मला हसू नये. दोन भिंगांचा साधा कॅमेरा किंवा मिटणारा छोटा भाता, आणि पिशवीत पाच गुंडाळ्या, म्हणजे साठ चित्रे. आठ दिवसांच्या प्रवासाला त्याहून जास्त चित्रे ज्याला लागतात, त्याने फोन वापरावा. त्यात लाज नाही.

राहता राहिला ‘अर्धवट’ शब्द. वाचक हो, फराळ झाला की माळ्यावरचा जुना अल्बम खाली काढा. त्यात काळ्या पानांवर कोपऱ्यांत खोचलेले, पांढऱ्या कडांचे छोटे चौकोनी फोटो सापडतील. ते बहुधा आग्फा क्लिक थ्रीने किंवा तसल्याच एखाद्या पेटीवजा कॅमेऱ्याने काढलेले असतील. तो क्लिक थ्री आपल्याच देशात बनत असे आणि हीच १२० ची गुंडाळी, हाच सहा बाय सहाचा चौकोन, हीच बारा चित्रे. महाबळेश्वरच्या सहलीतली आई, गेटवेसमोरचे काका, एस.टी.च्या पायरीवर उभी राहिलेली भावंडे, सारे त्या अर्धवटाने जपले. त्यातले एकही चित्र भिंग लावून पाहण्याच्या लायकीचे नाही. कोणी भिंग मागतही नाही.

भावोजींना माझे एकच सांगणे आहे, आणि ते रागाचे नाही. पेटी विकू नका. ती मुक्कामाची आहे, मुक्कामी वापरा. या भाऊबीजेला बहिणीने आम्हां सर्वांना आत्याकडे बोलावले आहे. आत्या आता कोठे जात नाही. तिचे अंगण आहे, तुळस आहे, दुपारी ओसरीवर मऊ उजेड येतो. तेथे तिपाई लावा. हवा तेवढा वेळ घ्या. छत्री मी धरीन. आणि पत्री सरकवण्याआधी तिला त्या पायरीचे सगळे विचारून घ्या. वरून कितवी, खूण कसली, वडिलांनी टोचणी कोठून चोरली होती. सांगता सांगता ती हललीच तर “हलू नका” म्हणू नका.